बिनचकाकी शेतकरी

वस्तूला चकाकी आणायला एक फडके पुरते. ती घालवायला समिती लागते. हा नियम कोणत्या पुस्तकात छापलेला नाही, पण पूर्व खानदेशात सन १९५६ च्या सुरुवातीला तो सप्रमाण सिद्ध झाला. सिद्ध करण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडले ते वना मास्तर त्याबद्दल आजही कोणाला दोष देत नाहीत. (कोणी विचारतही नाही.)

प्रकरणाचे मूळ धुळ्याला होते. आदल्या वर्षी तिथल्या एका प्रदर्शनात ‘आदर्श गाव’ मांडले होते. मातीची वीतभर माणसे आणि त्यांना डब्यातला तेलरंग. मुंबईहून आलेले पाहुणे दिव्याखाली वाकले, शेतकऱ्याच्या कपाळावरची चमक त्यांनी निरखली आणि विचारले, “फार उकडतं का हो तुमच्याकडे?” धुळेकरांनी प्रश्न हवामानाचा समजून तपमान सांगितले. जळगावकरांना मात्र त्यातला टोमणा कळला. पंचवार्षिक योजना संपत आली तरी शेतकरी घामाघूमच, असा त्याचा अर्थ होत होता. म्हणून जळगावच्या प्रदर्शन समितीने पहिल्याच बैठकीत एकमताने ठरवले, की आपल्या आदर्श गावातला एकही माणूस चमकणार नाही. त्यासाठी सात जणांची चकाकी-निवारण उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष भाईदास आबा, अमळनेरकडचे कापसाचे मोठे बागाईतदार. उपाध्यक्ष मदनलाल शेठ, कापडाचे व्यापारी. उरलेले पाच जण कापसाचे दलाल होते आणि वेळेवर येत.

वना मास्तर भाईदास आबा चालवत असलेल्या शाळेत नऊ वर्षे हंगामी ड्रॉइंग मास्तर होते. (हंगाम कोणता, हे कळवण्यात आले नव्हते.) आज आहोत, जूनमध्ये नसू, अशा हिशेबाने त्यांच्या भाड्याच्या घरात नऊ वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकला गेला नव्हता. शेकडो मुलांना चित्रे शिकवणाऱ्या माणसाच्या घरी एकही चित्र टांगलेले नव्हते. आदर्श गावाची बाहुली करण्याचे काम सोपवणाऱ्या पत्रात त्यांना लिहिले होते : ‘काम समाधानकारक झाल्यास कायम करण्याचा विचार करण्यात येईल. न झाल्यास जूनपासून आपला विचार करण्याचे कारण उरणार नाही.’

त्यांच्या पत्नी सुगंधाबाई यांनी पत्र दोनदा वाचले. “चमकू नये, एवढंच ना? मग मी खिळा आणून ठेवते.”

मास्तरांनाही ते सोपे वाटले, कारण ते होतेच सोपे. पाचवीच्या वर्गाला त्यांनी एका तासात शिकवले होते. खडूची पूड, रंगाची पूड, चिमूटभर शंखजिरे आणि बाभळीच्या डिंकाचे पाणी. डिंक कमी पडला तर रंग बोटाला येतो, जास्त झाला तर रंग चमकतो. हात पातळ द्यायचे, तीन द्यायचे, आणि सावलीत वाळवायचे. बाहुले उचलायचे ते खालच्या पाटाला धरून. “आणि वाळलं की त्याला फक्त डोळ्यांनी हात लावायचा,” असे मास्तर म्हणत. मुले हात पाठीमागे बांधून बघत. हे तंत्र मुलांना पंचेचाळीस मिनिटांत कळले, यावरून ते किती प्राथमिक होते हे दिसते. उपसमितीला तीन महिने लागले, यावरून तिने विषयात किती खोल शिरून काम केले तेही दिसते.

गावात एकूण बेचाळीस माणसे होती : शेतकरी एकोणीस, पाणी भरणाऱ्या बायका सहा, शाळेला निघालेली मुले नऊ, ग्रामसेवक एक, मास्तर एक, सुईण एक, दवाखान्यापुढे बसलेले रोगी चार (ते बरे झाल्याचे दुसऱ्या बैठकीत ठरले, पण बसून राहिले) आणि पाहणीला आलेला साहेब एक. साहेबाच्या डोक्यावर सोला हॅट होती. मदनलाल शेठांनी भेट दिलेला तेलरंगाचा डबा मास्तरांनी गावतळ्याला वापरला. तळे चमकायला समितीची हरकत नव्हती.

पहिली तपासणी झाली. भिंतीला लिंपलेल्या मातीसारखी बाहुली शांत दिसत होती. उजेड त्यांच्यावर पडे आणि तिथेच मुरे. भाईदास आबांनी एक शेतकरी उचलला. पाटाला धरून नव्हे, कमरेला धरून.

“मास्तर, हाऊ तर चमकत नही.”

“नाही आबा.”

“खरंच नही?” असे म्हणून आबांनी त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा.

“आबा, हात नका लावू. घासलं की—”

“बोट लायाबिगर कसं समजी, मास्तर? कापूस काय देखीसन लेतस का?”

इथे आबांचे चुकले असे म्हणता येणार नाही. ज्या मुलखात बोंडातला धागा लांब की आखूड हे अंगठा आणि तर्जनी सांगतात, तिथे डोळ्यांवर विसंबणाऱ्याला अडाणी समजतात. मदनलाल शेठांनी तोच मुद्दा सौम्यपणे मांडला. “मास्तरसाब, गिऱ्हाईक साधं धोतर घेतं, तरी हात लावून बघतं. हा तर पूर्ण माणूस आहे.”

सात सदस्य, प्रत्येकाचा तीनदा अंगठा, बाहुली एकेचाळीस. एकूण आठशे एकसष्ट वेळा घासणी झाली. शंखजिऱ्याला घासले की ते गुळगुळीत होऊन चमकू लागते. शेवटचा सदस्य शेवटच्या कपाळापाशी पोचला तेव्हा सगळे गाव नुकत्याच तेल लावलेल्या नारळांसारखे तुकतुकत होते. बेचाळिसाव्याला, म्हणजे साहेबाला, कोणीच हात लावला नाही. साहेबाच्या कपाळाला अंगठा लावण्याची या जिल्ह्यात पद्धत नाही.

अहवालात नोंद झाली : ‘अधिकारीवर्ग समाधानकारक. शेतकरी, स्त्रिया, मुले व रोगी चमकतात. सबब त्यांच्या मातीत मूळचाच दोष असावा.’ माती एकाच खड्ड्यातली, गिरणेकाठची होती. तरी उपसमितीने सहा तालुक्यांतून माती मागवली. मास्तरांनी चाळीसगावच्या मातीचे शेतकरी केले, रावेरच्या मातीच्या बायका केल्या. दुसऱ्या तपासणीत सहाही तालुके सारखेच चमकले.

तेव्हा मास्तरांनी पाचवीची युक्ती काढली. रंग दिलेला कौलाचा एकेक तुकडा त्यांनी प्रत्येक सदस्याच्या हाती दिला. “अर्धा भाग अंगठ्याने घासा. उरलेल्या अर्ध्याला हात लावू नका.” सदस्यांनी अर्धा घासला. तो चमकला. सगळ्यांना पटले. मग उरलेला अर्धा चमकत नाही याची खात्री करण्यासाठी त्यांनी तोही घासला.

“बठ्ठा तुकडाच चमकस,” आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कळकळ होती. “मास्तर, तुमना हातले गुण नही. परवा सोमवारे शेवटली तपासणी. मंगळवारे पाहुणा येतस. मंग आम्हले जूनपाईन दुसरा मास्तर देखना पडी.”

रविवारी दुपारी मास्तर एकेचाळीस बाहुल्यांना पुन्हा रंगाचा एकेक हात देत बसले होते. सुगंधाबाई शेजारी बसून बघत होत्या.

“अहो, या एकाला तीन महिन्यांत दुसरा हात द्यावा लागला नाही. असं कसं?”

“साहेब आहे तो. हॅट आहे त्याला.”

“मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?”

मास्तरांनी कुंचला खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत सुगंधाबाईंनी रद्दीचा कागद आणि खळ घेऊन हॅटी केल्या. तपासणीपुरत्या घालायच्या, सह्या झाल्या की काढायच्या, असा मास्तरांचा सरळ बेत होता. कागद चाळिसांनाच पुरला. एक म्हातारा शेतकरी उघड्या डोक्याचा उरला. त्याला त्यांनी घरीच ठेवले.

सोमवारची तपासणी चार मिनिटे चालली. सातही सदस्यांनी हात पाठीमागे बांधले. (पाचवीच्या वर्गाबाहेर हे दृश्य मास्तर प्रथमच पाहत होते.) मदनलाल शेठ तर एका बाहुल्यापुढे किंचित वाकलेही. ‘चकाकीचे पूर्णपणे निवारण झाले’ असा ठराव होऊन सात सह्या पडल्या, आणि त्याखाली एक ओळ आली : ‘मंजूर नमुन्यात कोणताही फेरफार करू नये.’

मंगळवारी पाहुण्यांनी आदर्श गाव पाहिले. अठरा साहेब शेतात होते. त्यांतला एक नांगर धरून होता. सहा हॅटवाल्या बायका तळ्यावरून पाणी आणत होत्या. नऊ छोटे साहेब शाळेला निघाले होते, आणि चार साहेब दवाखान्यापुढे बरे होऊन बसले होते. पाहुणे दिव्याखाली बराच वेळ वाकून होते.

“यात शेतकरी कुठे आहेत?”

आबांनी शेठांकडे पाहिले, शेठांनी मास्तरांकडे.

“साहेब,” मास्तर म्हणाले, “ते तपासणीत टिकले नाहीत.”

पाहुण्यांनी मान हलवली. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी लिहिले : ‘ग्रामीण जनता कोरडी व प्रगत दिसली.’

जूनमध्ये मास्तर कायम झाले. सुगंधाबाईंनी खिळा ठोकला. चित्र कोणते लावावे यावर दोघांचे एकमत होईना, म्हणून आठवडाभर नुसता खिळाच होता आणि तोच दोघे बघत बसत.

उघड्या डोक्याचा म्हातारा मास्तरांनी शाळेच्या व्हरांड्यात फळीवर ठेवला. खाली ठळक अक्षरांत पाटी लावली : ‘कृपया हात लावू नये.’ शिक्षकी सवयीने त्यांनी वर्षभर नोंद केली. पाचवीची मुले जाता-येता बघत, हात पाठीमागे. लेकरांना पोचवायला येणारे, दाखल्यावर अंगठा उठवणारे बापही दोन पावले मागेच उभे राहत. मातीचे आहे, फुटेल, एवढे त्यांना पाटीवाचून कळत होते.

तरी दिवाळीपर्यंत म्हाताऱ्याचे कपाळ आरशासारखे झाले. नोंदवहीप्रमाणे ज्यांनी त्याला हात लावला, त्या एकशे तेरा जणांनी आधी पाटी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली होती.

आपणही इथपर्यंत वाचलेच आहे.