लाल पडदा आणि झाकलेलं ताट

तासगावच्या बाजारात त्रिशलाकाकूंना फसवणारा अजून जन्मायचा होता. बेदाणा दोन बोटांत दाबून त्या सांगायच्या, द्राक्षं वाळवायच्या कुणाच्या शेडवरचा ते. त्यांना बघितलं की व्यापारी आधी तराजू पुसून घेत. असं काकूच सांगत.

त्या दिवशी लेक आर्जव मिरजेला गेलेला. काकू त्याच्या कॉम्प्युटरवर प्रवचन शोधत होत्या, तोच पडदा लालभडक झाला आणि आतून आगीच्या बंबासारखा भोंगा सुरू झाला. व्हायरस शिरलाय, बंद केलंत तर सगळं पुसलं जाईल, या नंबरावर फोन करा!

काकूंच्या गेलेल्या मालकांचा, म्हणजे नवऱ्याचा, एकुलता एक व्हिडिओ त्यातच होता. तो आवाज गेला तर परत कुठल्या बाजारात मिळणार? त्यांनी फोन लावला.

पलीकडचं पोरगं साखरेसारखं गोड. कंपनीतून बोलतोय म्हणालं, दर वाक्याला माताजी. त्यानं सांगितलेलं ॲप काकूंनी चष्मा वर-खाली करत उतरवून घेतलं. मग पडद्यावरचा बाण भुतानं झपाटल्यासारखा आपोआप पळायला लागला.

दिवस कलला. जैनांच्या नेमानं सूर्य बुडाल्यावर काकू पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि भाकरी ताटात तशीच झाकलेली. चार घास खाऊन येते म्हणाल्या, तर तो म्हणे उठायचं नाही, उठलात की सगळं गेलं. भिंतीवरचं ऊन सरकताना बघत काकू बसून राहिल्या.

"आता बँकेचं पान उघडा," तो म्हणाला. "आत्ताच. घरात कुणाला सांगू नका."

काकूंचा हात थांबला. 'आत्ताच माल द्या, पोराला विचारू नका' म्हणणारी गिऱ्हाइकं त्यांनी जन्मभर आपल्या शेडवरून हाकलली होती.

"बाबा रं, तुज्या आईला तरी कवा जेवलीस का म्हून इचारलंस का?" म्हणत त्यांनी भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला. मालकांचा आवाज आपणच आपल्या हातानं मारला, अशा समजुतीनं काकू तिथंच थिजून बसल्या. ताट आठवलंच नाही.

आर्जव आला तो दिवेलागणीनंतर. काकूंकडून सगळं ऐकून त्यानं आधी बँकेला फोन केला, इंटरनेट तोडलं, ते ॲप काढून टाकलं. "आई, आवं व्हायरस नव्हताच. नुसतं भीती घालायचं पान हुतं त्ये. खरी कंपनी असा पडद्यावर नंबर देत न्हाई. आप्पांचा व्हिडिओ हाय की जाग्यावर."

त्यानं लावला. द्राक्षाच्या मांडवाखाली मालक, कल्लाप्पा, कपाळाला आठ्या, शूटिंग करणाऱ्या काकूंवर खेकसत होते.

"आगं, ठेव तो फोन. दिवस बुडायला आला. जेवलीस का?"

काकूंनी खिडकीबाहेरच्या मिट्ट काळोखाकडे पाहिलं, मग झाकलेल्या ताटाकडे.

"आता सांगताय व्हय," त्या म्हणाल्या.