बिनमंजुरीचे जंतू

१९३४ च्या फाल्गुनात, जबलपूरच्या एका चामडं कमावण्याच्या कारखान्यामागचं काळं पाणी साफ झालं. दप्तरात मात्र तशी नोंद नाही. तेव्हा ते झालंच नाही, असं धरून पुढे जाऊ.

या न झालेल्या गोष्टीला कारण श्रीकांत, तिथला केमिस्ट. त्याची भानुमतीआत्या कारखान्याच्या खालच्या अंगाला राहायची आणि कारखान्याचा नाला तिच्या विहिरीत झिरपायचा. तिच्या विनताला पाहायला तीन स्थळं आली. तिन्ही पोह्यांपर्यंत खूश होती. पाण्याचा पेला नाकाशी येताच उठली.

"पोरगी पसंत आहे म्हणतात, अन् नाकाले रुमाल लावून म्हणतात," आत्या म्हणाली. "तू तिथं नोकरी काहून करून राहिला रे? वास मोजायले?"

कारखान्याचं पाणी नाल्यात सुटण्याआधी ज्या टाकीत साठायचं, तिच्यात श्रीकांतने नाल्यातला गाळ टाकला, लोहाराचा भाता आणला आणि महिनाभर पायाने टाकीत हवा भरली. हवा मिळताच गाळातले जंतू घाण खात सुटले. पाणी निवळलं, विहिरीचा वास गेला. दीक्षितपुऱ्याचं चौथं स्थळ रविवारी यायचं ठरलं.

बुधवारी हेडक्लार्क गुणवंतराव टाकीशी आले.

"हे साफ कोणी केलं?"

"जंतूंनी."

"कुठले जंतू?"

"इथलेच. नाल्यातले."

"इथले?" गुणवंतरावांचा चेहरा पडला. "अच्छा. मंजुरी?"

"जंतूंना कशाची मंजुरी? बिचारे फुकट काम करून राहिले."

"साहेब म्हणतात, जंतूच पाहिजेत तर विलायतेहून मागवू. तोवर हे बिनमंजुरीचे ठेवता येत नाहीत. शनिवारी फिनेल ओता."

"रविवारी विनताला पाहायले येऊन राहिले, गुणवंतराव. सोमवारी ओततो."

"न ओतणारा केमिस्टही बिनमंजुरीचाच असतो, भैया."

शनिवारी श्रीकांतने चार डबे फिनेल ओतलं. ते नीट मिसळावं म्हणून भाताही त्यालाच मारावा लागला.

रविवारी मुलाचे वडील चिंतामणराव पोहे खाऊन पाणी प्यायले आणि थांबले.

"पाण्यात फिनेल टाकता काय हो तुम्ही?"

"हो जी," विनता म्हणाली. "स्वच्छतेची फार आवड आहे आम्हाले."

स्थळ उठलं.

विलायती जंतूंची बाटली ज्येष्ठात आली. मुंबईच्या गोदीत ती तीन आठवडे उन्हात पडून होती. श्रीकांतने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि सांगितलं, "सगळे मेलेले आहेत."

"मेले असतील," गुणवंतराव म्हणाले, "पण मंजूर आहेत."

बाटलीला हार घातला, साहेबांच्या हस्ते ती टाकीत रिकामी केली आणि त्याच दिवशी पाणी साफ झाल्याचा अहवाल गेला. पाणी डांबरासारखं वाहत राहिलं.

श्रीकांतने मग अर्ज केला. त्याचा शेवट असा:

"...तरी मेहेरबान साहेबांनी, अहवालाप्रमाणे साफ झालेल्या पाण्याचा एक पेला श्रीमती भानुमतीबाई यांचे घरी, कु. विनता हिचे हातून घेऊन, बसून प्यावा. व पेला संपेपर्यंत उठू नये, ही नम्र विनंती."