गाडी नंबर सातचा पहिला थांबा

मी बनवलेलं ॲप चुकत नाही! हे वाक्य मी त्या गुरुवारी डबा खाताना, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो होतो. शेजारी बसलेल्या अमृतानं नुसतं लोणचं पुढं सरकवलं. ती माझ्याच विभागात आहे, त्यामुळं तिला मी माहीत आहे.

आमची कंपनी वाळूजला. पाळीवरच्या कामगारांसाठी चौदा गाड्या. पूर्वी कुठली गाडी कुठं थांबणार याचे कागद निघायचे आणि चौदा ड्रायव्हरांच्या चौदा तऱ्हा! मी ॲपमध्ये थांब्यांची एकच यादी ठेवली. ड्रायव्हर, कामगार, साहेब, सगळ्यांनी तीच बघायची. मी इथं बदल केला की पाच सेकंदांत सगळ्यांच्या मोबाइलवर यादी ताजी!

आमच्या साहेबांचं नावच साहेबराव. आईबापानं बारशालाच बढती देऊन टाकलेली! ते म्हणाले होते, "अजिनाथ, शुक्रवारी सकाळी दहापर्यंत ॲपच्या तक्रारपेटीत एकही तक्रार आली नाही, तर तुला चार दिवस सुट्टी. एक जरी आली, तर सुट्टी विसर."

आणि मला ती सुट्टी हवीच होती. चार महिने झाले, देवगाव रंगारीला घरी गेलो नव्हतो. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "येतो का रं?" आणि मी दर रविवारी म्हणायचो, "पुढच्या." सहा दिवस पेटी रिकामी होती. उरला होता एक.

डब्यानंतर डोळे जड झाले. खिडकीबाहेर पिवळं ऊन, डोक्यावर पंख्याची घरघर, समोर थांब्यांची यादी. मनात आलं, कंपनीची गाडी आपल्या गावाला गेली तर? लिंबाखाली थांबली तर? मेंढरं अंग चोरून बाजूला होताहेत, आई दारात कपाळावर हात धरून बघतेय आणि मी ऐटीत उतरतोय... ॲपची एक सरावाची प्रत असते, खोटंखोटं करून बघायला. तीत मी गाडी नंबर सातला टाकलं : पहिला थांबा देवगाव रंगारी, लिंबाखाली, मंजुळाबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, दारात. बटण दाबलं आणि तृप्त मनानं जरा डोळे मिटले.

अमृतानं हलवलं तेव्हा चार वाजले होते.

"अजिनाथ, हे देवगाव काय आहे?"

"सरावाची प्रत आहे गं ती."

"आणि सरावाची प्रत यादी कुठून घेते?"

यादी एकच! सगळ्यांना एकच, सरावाच्या प्रतीलाही! छाती फुगवून मीच तर सांगत होतो!

थांबा खोडला. पाच सेकंदांत सगळीकडं यादी ताजी झाली. एक मोबाइल सोडून! गाडी नंबर सातचे मोहियोद्दीन चाचा फार शिस्तीचे. निघताना यादी बघतात, मोबाइल बंद करतात आणि मगच चाक हातात घेतात. आणि गाडी साडेतीनलाच सुटलेली!

"गाडीतल्या कुणाला तरी फोन लाव!" अमृता ओरडली.

अडतीसच्या अडतीस जणांना लावला. पण सहाच्या पाळीसाठी पहाटे चारला उठलेली माणसं ती! फाटक ओलांडायच्या आत घोरायला लागतात. गाडीतल्या सुकेशनीताईंना म्हणे मध्येच जाग आली होती. खिडकीतून मेंढरं दिसली, तेव्हा काय छान स्वप्न पडलंय म्हणून त्या पदर ओढून परत झोपल्या.

पाच वाजता आईचा फोन.

"अजिनाथ, कुठल्या शिटावर बसला तू?"

"म्हंजे?"

"आरं, तुझी कंपनी आली ना दारात! म्या समदी गाडी धुंडाळली. एकाच्या तोंडावरचा रुमाल बी काढून पाह्यला. त्यो तू नाय निघाला!"

"आई, म्या नाय आलो गं. गाडी चुकून आली."

आई म्हणाली, "बरं. दारात आलेल्या माणसांला उपाशी कसं धाडू? पीठ लई हाय."

मागून चाचांचा आवाज आला, "अरे बाबा, लिस्ट में नंबर एक पे था, तो मैं आया! मेरेकू क्या मालूम? अम्मा, ठेचा और है क्या?"

गाडी दिवेलागणीला परत आली. सगळे बाजरीची भाकरी खाऊन, लिंबाखाली घोंगड्यांवर लोळून, नव्या नवरीसारखे लाजत उतरले. अडतीस घरांनी मात्र साहेबरावांचा फोन तापवला होता. ते लालबुंद!

"साहेब, फोन म्हणजे तक्रारपेटी नव्हे," मी चाचरत म्हणालो.

शब्दाचा पक्का माणूस. दात खाऊन म्हणाले, "उद्या दहाला बघू."

शुक्रवारी पावणेदहाला माझ्या पडद्यावर तक्रारी शून्य! मी पिशवी भरून आणली होती. आईसाठी चिवडासुद्धा घेतला होता.

"पान ताजं केलंस का?" अमृतानं विचारलं.

तक्रारपेटीचं पान आपोआप ताजं होत नाही. ते काम मी पुढच्या महिन्यावर टाकलं होतं. माझ्यासमोरचं शून्य होतं कालचं! बटण दाबलं. तक्रारी अडतीस.

आणि सगळ्यांची तक्रार एकच : देवगावचा थांबा का काढला? ताबडतोब परत टाका. सुकेशनीताईंनी वर जोडलं होतं, झोप अर्धी राहिली आहे.

सुट्टी गेली! वर साहेबरावांना कामगारांपुढं मान तुकवावी लागली. ठरलं, पुढच्या शनिवारी गाडी नंबर सात देवगावला जाणार. फक्त यादीत पुन्हा घोळ नको म्हणून एकानं ऑफिसात बसून ती सांभाळायची. कुणी, ते सांगायला नको.

संध्याकाळी आईचा फोन आला. "शनवारी अडतीस जण येणार म्हून चाचांनी कळवलं. तुझी भाकर धरू का नको?"

"धर," मी म्हणालो. चाचांबरोबर डब्यात घालून पाठव, हे सांगायला मात्र जीभ रेटेना.