जुंपून बघितलेल्या पिकपा

बसा, बसा. त्या दगडावर नका, ह्या खाटेवर टेका. चहाला येळ हाय, बाभळीचं लाकूड लवकर पेट घेत न्हाई. तवर एक गोष्ट सांगतो. तुमची पिकप तिथं वर, बांधाच्या उताराला, त्या वाकड्या बाभळीच्या पल्याड लावलेली बघितली, अन् म्हणलं ह्या माणसाला ही गोष्ट सांगितल्याबिगर सोडायचं न्हाई. तुमी मोटरसायकलीवर आला असताव तर चहा पाजून वाटंला लावलं असतं.

आता आपण बसलोत ना, हे तळं हाय. हसू नका. दोन-तीन सालाखाली ह्या खाटेवर बसला असताव तर डोक्यावर दोन पुरुष पाणी असतं. अन् त्या पाण्याच्या आदी इथं गाव होतं, जुनं आंबेगव्हाण. तळं बांधलं तवा गाव उठून वर माळावर गेलं, खालचं खाली ऱ्हायलं. त्या गावावरून मच्छीमार सोसायटीची नाव हाकायचा शहादेव.

शहादेव म्हणजे गरीब माणूस, तोंडानं कमी. पण एक गोष्ट त्याला सलायची. तळ्यात एका ठिकाणी त्याचं जाळं हमेशा अडकायचं. वढलं की फाटायचं. शिव्या देऊन तो दुसरं टाकायचा. दुष्काळ पडला, पाणी खाली खाली गेलं, तवा उलगडा झाला. ती त्याच्या आज्याच्या घराची चौकट होती. सागवानी, भिंती गेल्या तरी उभी. अन् चौकटीच्या कडीला इतक्या वर्साचे जाळ्याचे धागे गुंडाळलेले होते. गुतलेले न्हाई म्हणत मी. गुंडाळलेले, निगुतीनं, कुणी सांजंला उंबऱ्यावर बसून गुंडाळावं तसे.

शहादेव घरी आला अन् बायकोनं, भिवराबाईनं, ताट वाढलं तरी जेवलाबी न्हाई.

पाणी पार सरलं तशी नाव जुन्या गावाच्या वेशीपुढं टेकली. तोंड वेशीकडं करून. बघा, अजून इथंच हाय.

आता शहादेवचा जीव कशात अडकला होता ते ऐका. इकडं पाऊस गेला की माणसं ऊस तोडायला जातात. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, अन् पाचट अंगाखाली घेऊन सहा महिने काढतात. शहादेव अन् भिवराबाईनं उमेदीची वर्सं तशी काढली होती. सोसायटीनं नाव घेतली तवा ते सुटले. भिवराबाईनं कोयता आढ्याला खोचला अन् म्हणली, आता तू तिथंच गंज. अन् आता तळंच गेलं.

पण पालीच्या धरणात थोडं पाणी होतं. तिथल्या सोसायटीचा सांगावा आला, नाव अन् नावाडी दोन्ही पाठवा. म्हणजे दसऱ्याच्या आत नाव पालीला पोचली तर शहादेव नावेत, न्हाई पोचली तर ट्रकात. हिशोब सरळ होता.

नाव न्यायची कशानं? बैलं चारा-छावणीला होती, हाडं मोजून घ्यावीत अशी. ट्रॅक्टर सगळे पाण्याच्या टाक्या वहायला लागलेले. अन् नाव तर वडवणीत ट्रॉल्या बनवणाऱ्या माणसानं बनवलेली. त्याला नाव माहीत न्हाई, ट्रॉली माहीत. म्हणून त्यानं जाड पत्रा लावला, हूक लावला अन् मागं दोन लाल रिफ्लेक्टरबी लावले. म्हशीसारखी जड झालती.

सोसायटीचे चेअरमन सुंदरराव आण्णा. त्यांनी ठरवलं, सोसायटीसाठी पिकपच घ्यायची. आता नाव वढील, पुढं मासळी वाहील. मिटिंगीत सगळ्यांनी हात वर केले. जुन्या गावात जन्मलेली बायनाबाई तेवढी दारातून म्हणली, "नाव नेऊ नका रे. उद्या पाण्याला यावं वाटलं तर कुणाकडं यावं त्यानं?"

आण्णांनी तिला चहा द्यायला सांगितला.

पिकप निवडायला आण्णांनी शहादेवला घेतलं, अन् संगं मुंजाजी मामाला. मुंजाजी मामाला गाडीतलं काही कळत न्हवतं, पण सगळ्या तालुक्यात बैलाची पारख त्याच्यावाणी कुणाला न्हाई. आण्णांचं म्हणणं, वढायचं जनावर पारखायला वढायच्या जनावराचा जाणकार पायजे.

वडवणीत उत्तरेश्वर नावाचा जुन्या गाड्यांचा दलाल होता. त्यानं पांढरी पिकप दाखवली. मुंजाजी मामानं तिला उजवीकडून फेरा मारला. बॉनेटवर थाप मारली अन् थबकून बघितलं, बुजती का. दिवे बघून म्हणला डोळे निर्मळ हायत. मागं गेला अन् तोंड वाकडं केलं.

"मागचा पुठ्ठा बारीक हाय. खोड असल तर आत्ताच सांग. बसका हाय का?"

"मामा, गाडी हाय ही, गोऱ्हा न्हाई."

"गोऱ्हाच बरा बे. हागल्यावर तरी कळतं काय खाल्लंय."

शेवटी मामानं बैलबाजाराची रीत सांगितली. जुंपून बघितल्याबिगर दावं हातात घ्यायचं न्हाई. बैल आधी आपल्या रानात, आपल्या अवजाराला जुंपायचा. चालला तर आपला, न्हाई तर धन्याचा. उत्तरेश्वर म्हणला, असं कुणी करत न्हाई. आण्णा म्हणले, आमी करतो. अन् इथंच सगळं बिघडलं. दुसऱ्या कुणी गाडी पक्क्या रस्त्यावर चालवून बघितली असती. ह्यांनी ती तळ्यात उतरवली.

शहादेवनं आपली टायरगाडी आणली, उसाच्या दिवसातली. दहा-बारा माणसांनी नाव तिच्यावर चढवली. म्होरं पांढरी पिकप जुंपली. उत्तरेश्वरनं रेस दिली. पिकप हातभर पुढं गेली, थरथरली अन् थांबली. परत रेस, परत हातभर, परत थांबली. ऊन कडक होतं. म्हणले वर बांधावर सावलीला जाऊ, पाणी पिऊन येऊ.

बांधावरून शहादेवनं सहज वळून बघितलं. पिकप चालली होती. मागं. इंजिन बंद, आत कुणी न्हाई, अन् ती नावेला घेऊन शांतपणी, पाय न वाजवता, वेशीकडं सरकायली होती. वेशीच्या आत जाऊन उभी ऱ्हायली. वरची खपली फुटली अन् चाकं निम्मी गाळात बसली.

आता तळ्याचं बूड हाय, उतार त्या बाजूलाच. समजतं. मुंजाजी मामा तर मान हलवून म्हणला, "उलटा बैल हाय ह्यो. पुढं जुंपला की मागं सरतो. मी पुठ्ठ्यावरूनच वळखलं होतं." उत्तरेश्वर लई तापला, पण चूक त्याची होती, हँडब्रेक वढला न्हवता. तोच म्हणला तसं.

दुसऱ्या दिवशी त्यानं थोरली पिकप आणली, चारी चाकं वढणारी. आता तिनं पहिली पिकप काढायची अन् मग दोघींनी नाव. ह्या खेपेला त्यानं हँडब्रेक वढला, गेर टाकला अन् चाकामागं चार धोंडे लावले. शहादेवनं सोताच्या हातानं लावले, पायानं दाबून बघितले. मग साखळी आणायला सगळे वर गेले.

आले तर थोरली पिकप धाकटीच्या शेजारी. वेशीच्या आत. दावणीला बांधावीत तशी दोन्हीची तोंडं एकीकडं.

"धोंडे सरकले असतील," उत्तरेश्वर म्हणला. पण तो काय वेशीच्या आत गेला न्हाई.

शहादेवनं धोंडे हुडकले. चाकाच्या खुणंवर न्हवते. गाळात न्हवते. ते मारुतीच्या पडक्या पारावर होते. चारी. ओळीनं ठेवलेले, शेंदूर लावायचा ऱ्हायलाय तेवढा, असे.

त्यानं ते कुणालाच दाखवलं न्हाई. दाखवलं असतं तर गाडी वढायला माणूस मिळाला नसता, अन् दसरा जवळ आलता. घरी गेला तर भिवराबाई आढ्याकडं बघत बसलेली. कोयता होता तिथंच. पण गंज निघाला होता त्याचा. शहादेव म्हणला, घासलास का? ती म्हणली, मी हातबी लावला न्हाई.

आण्णांना मात्र आता इरेला पडल्यागत झालं. गावात लोक म्हणायले, चेअरमननं पिकपचं वाळवण घातलंय. त्यांनी आपली सोताची जीप काढली. म्हणले, रिकाम्या गाड्या सरकतात कारण आत माणूस नसतो. मी बसतो आत. बघू कोण सरकवतो.

दिवेलागणीची येळ. अख्खं गाव बांधावर. आण्णा जीपमधी बसले, काच खाली करून ब्रेकवर पाय दाबला अन् उत्तरेश्वरला म्हणले, लाव साखळी. साखळी लागायच्या आदीच जीप हलली. आण्णांनी ब्रेक पार तळाला दाबला, तरी हलली. आण्णांनी हॉर्न धरला, तो दाबूनच ठेवला. जीप वेशीतून आत गेली, मारुतीला डाव्या अंगाला ठेवून वळली, होय, वळली, अन् एका पडक्या जोत्यापुढं थांबली. हॉर्न बंद झाला. मग तिन्ही गाड्यांचे दिवे लागले.

कुणी खाली जाईना. शेवटी शहादेव गेला. आण्णा स्टेरिंग धरून बसलेले, जोत्याकडं बघत.

मागनं काठी टेकत बायनाबाई आली. ती कशाला भिती.

आण्णांनी इचारलं, "काकू, इथं काय होतं?"

"तुझ्या बापाचं दार, सुंदऱ्या. तू इथंच जन्मलास. अन् मला इचारतोस?"

आण्णा खाली उतरले, जोत्याला हात लावला अन् चपला हातात घेऊन बांधाकडं चालायले. जीपची चावी तशीच ऱ्हायली. आजपतूर न्यायला आले न्हाईत.

मुंजाजी मामा म्हणला, सांज झाली की गुरं आपापल्या दारी येतात, त्यात काय. उत्तरेश्वरला ते पटलं न्हाई. तो त्या दिसापासून वडवणीला पिकपच्या जागी म्हशीचा धंदा करायलाय.

मग आला दसरा. नाव वेशीतच. शहादेव-भिवराबाईनं गठुडं बांधलं. कोयता खाली काढला, लख्ख होता. पण सकाळी आण्णांचा निरोप आला, खाली तीन गाड्या पडल्यात, त्यांना राखण पायजे, शहादेवला सोसायटीकडून बसवा. लोक तर लांबून बघायला यायले होते, नांदूरघाटापासून. नारळ फोडायले, फोटो काढायले. भिवराबाईनं वेशीजवळ चूल मांडली. कुठं मांडली? शहादेवच्या आज्याच्या त्या चौकटीच्या आत. म्हणली आडोसा हाय.

तरी मुकादम सोडतो व्हय. त्याचा ट्रक बांधावर आला. खाली उतरायचं धाडस त्याला होईना. वरूनच त्यानं लांबलचक हॉर्न दिला, की शहादेव, चल.

अन् खालून जबाब आला. पांढऱ्या पिकपनं हॉर्न दिला. मग थोरलीनं. मग आण्णांच्या जीपनं.

मुकादमानं ट्रक जो उलटा घेतला, तो म्हणं सडकंला लागेपतूर सरळ केलाच न्हाई. शहादेव ऱ्हायला इथंच. अजूनबी हाय. तो काय, नावेत डोक्यावर उपरणं घेऊन पडलाय.

माणसं शहादेवला इचारतात, हॉर्न तूच वाजवला ना? तो म्हणतो, मी तवा वर टाकीवर पाणी आणायला गेलतो. टाकीवाल्यानं बघितलंय त्याला. भिवराबाईला इचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसती. लई खोदून इचारलं तवा म्हणली, "हाव, वाजवला मी. जीपचा. चावी तिलाच हाय ना."

मग बाकीच्या दोघींचा कुणी वाजवला, असं इचारलं की ती चुलीकडं वळती.

पालीचं काय, तर तिथलंबी पाणी सरत आलंय म्हणं. बायनाबाई म्हणती, पाणी आलं की नाव आपली आपण उठल, तिला वढायची गरजच न्हवती. गाड्यांचं मात्र तिला माहीत न्हाई.

घ्या, झाला चहा. कपाला धरा, बशी तापलीय. तुमचं आडनाव काय म्हणलाव? न्हाई, सहज इचारलं. तुमच्या आज्याचं गाव कोणतं होतं ते तुमाला माहीत न्हाई म्हणलाव ना मघाशी, म्हणून.

चहा निवांत प्या, घाई न्हाई. फकस्त एक काम करा. आपण बोलायला बसलो तवा तुमची पिकप बाभळीच्या पल्याड होती. आता अल्याड हाय. तेवढा हँडब्रेक बघून या.