बानाबाईचा पलंग जंगलात जातो

हातपंप एक. झाडं भरपूर. मोबाईलला रेंज नाही.

सगीराची देग ऐंशी माणसांची आहे. त्याहून लहान भांड्यात तिला मिठाचा अंदाज येत नाही.

मेंढ्या बसवलेल्या रानात लेंड्यांच्या खतानं पुढच्या साली ज्वारी डोक्याच्या वर जाते.

प्रजासत्ताक दिन सोमवारी आला.

चार लोखंडी पाय, वर सागाच्या फळ्या, त्यांच्यावर कापसाची गादी.

या तुकड्यांचा एकमेकांशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर काही नाही. नव्हताच. तो सुकेशनीनं लावला.

सुकेशनी ही बानाबाईची सून, कॉलेजच्या ऑफिसात कामाला. हर्सूलच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एका संध्याकाळी तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "तीन दिवस सुट्टी जोडून आलीय. आपण कॅम्पिंगला जायचं. कन्नडच्या पुढं भेंडमाळ म्हणून पठार आहे, सरकारी जंगलात. मी बुकिंग केलंय तिघांचं. तिथं काही म्हणजे काही नाही."

"मंग कशाला जायचं?" बानाबाईनं विचारलं.

"काही नाही म्हणूनच जायचं, आई. फोन बंद, टीव्ही बंद. मन स्वच्छ होतं."

"जमिनीवर झोपायचं, माय, अन् वर नुसत्या चांदण्या," रामहरी म्हणाला. रामहरी वाळूजच्या कारखान्यात तपासणीला होता. दिवसभर तो लोकांनी बनवलेला माल नापास करायचा आणि घरी येऊन बायकोनं काढलेलं काहीही पास करायचा.

बानाबाईनं लेकाकडं नीट बघितलं. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसासारखाच दिसत होता. चाळीस वर्षं ती मेंढ्यांमागं हिंडली होती. वर्षातले आठ महिने जिथं सांज होईल तिथं पाठ टेकायची, आणि पाठीखाली काय आहे ते सकाळी कळायचं. या फ्लॅटमध्ये आल्यावर तिला आयुष्यातला पहिला पलंग मिळाला. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं की, आता आपली पाठ जमिनीला लागेल ती एकदाच, आणि तेव्हा आपल्याला ते कळणार नाही.

"आन झोपायला पैशे भरलेत?"

"थोडेसेच."

"अरे, आपल्या मेंढ्या रानात बसवाव्या म्हून लोक हातापाया पडायचे. वरून पायलीनं जवारी द्यायचे. झोपायची जवारी, रामा! आन तू उलटा त्यांनाच देऊन आला व्हय?"

"माय, हा अनुभव असतो."

"मला हाय. तुमी घेऊन या तुमचा."

पण तिला एकटीला ठेवायला दोघं तयार होईनात. दिवाळीत तिला एकदा चक्कर आली होती. तेव्हापासून तिला नळ बंद करायलासुद्धा एकटीला जाऊ देत नव्हते. म्हणजे पलंग वाचवायचा तर तीन दिवसांसाठी सोबतीला कुणीतरी शोधणं आलं. बानाबाई जिना उतरून खालच्या मजल्यावरच्या शेजारणीकडं, सगीराकडं गेली.

"सगीरा, तीन रोज माझ्याकडं बघशील का गं? पोरं जंगलात चाललीत झोपायला."

"जंगल में?" सगीरानं आत हाक मारली. "अजी, सुनते क्या? ये लोगां जंगल जारे!"

तिचा नवरा नूरमोहम्मद टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आला. औरंगपुऱ्यात त्याचं मंडप डेकोरेटरचं दुकान. "मौसी, तीस साल से लोगों के वास्ते तंबू ठोकरा मैं," तो हळवा होऊन म्हणाला. "खुद एक रात नै सोया तंबू में. हम भी आते."

बानाबाई जिना चढून वर आली. तिनं फुलंब्रीला नणंदेला फोन लावला. "वन्सं, तीन दिवस येता का सोबतीला? पोरं जंगलात चाललीत."

"जंगलात? अगं वैनी, मीबी येते की! चूल मी मांडते. तुमची सून काय पाकिटातलं खाऊ घालीन." सरूबाईनं फोन कानावरून न काढताच नवऱ्याला ओरडून सांगितलं, "आवो, स्वेटर काढा!"

उरला बिल्डिंगचा राखणदार कडुबा. त्याला विचारताच तो म्हणाला, "आज्जी, इथं काय राखायचंय? खरी राखण तिथं लागंल. मला घ्या सोबत."

यादी, सोमवारची : चादरी तीन. बॅटरी एक. ओडोमॉस.

यादी, बुधवारची : देग. शामियाना, वीस बाय चाळीस. सतरंज्या. चूल. चुलीला सरपण, कारण जंगलातलं तोडायला बंदी आहे. जनरेटर. खुर्च्या तीस.

"तीस कशाला, भाई?" रामहरीनं विचारलं.

"तीस से कम का गठ्ठा नै आता."

"आणि जनरेटर?" या प्रश्नाला उत्तर सुकेशनीनंच दिलं. "फोन चार्ज करणं म्हणजे वापरणं नाही."

यादी, गुरुवारची : कागद संपला.

गुरुवारी संध्याकाळी सगळे बानाबाईच्या पलंगाभोवती जमले आणि तिची समजूत घालू लागले. आता तर घरादारासकट बिल्डिंगच चालली होती. ती राहणार कुणाबरोबर? बानाबाईनं सगळ्यांची तोंडं एकदा निरखली आणि हुकमाचं पान टाकलं.

"माझा पलंग नेत असाल तर येते. नाय तर नाय."

बानाबाई समाधानानं उशीला टेकली. सुकेशनीचा चेहरा पडला. रामहरी खिडकीतून बाहेर बघू लागला. नूरमोहम्मद मात्र वाकला आणि त्यानं वितीनं पलंग मोजायला घेतला.

"बस? इत्ताच?" तो म्हणाला. "मौसी, हमने दुल्हे का घोडा चढाया टेंपो में. ये तो अडता भी नै, लात भी नै मारता."

जन्मभर ओझी वाहणाऱ्या माणसापुढं अशक्य अट घालू नये, हे बानाबाईला तेव्हा कळलं. रामहरीनं पाना आणला. कारखान्यातली अक्कल घरात पहिल्यांदाच उपयोगी पडत होती. तो आनंदानं नट काढत सुटला. शुक्रवारी सकाळी शामियाना आधी जाऊन ठोकायचा म्हणून टेंपो पुढं निघाला, आणि बानाबाईच्या गादीवर मांडी घालून कडुबा बसला होता. बाकीचे शनिवारी पहाटे निघणार होते. बानाबाई गॅलरीतून बघत राहिली. कोपऱ्यावर कडुबानं तिला हात केला.

शुक्रवारी दुपारी सरूबाई आणि तिचा नवरा साहेबराव येऊन थडकले. त्यांना आतली खोली दिली. रामहरी, सुकेशनी आणि बानाबाई एका रात्रीपुरते सगीराच्या दिवाणखान्यात झोपणार होते, बानाबाई तिथल्या दिवाणावर.

संध्याकाळी कुरिअर आलं. सुकेशनीनं एक तंबू मागवला होता, कारण शामियान्यात म्हणे निसर्ग वाटत नाही. तपासून बघावा म्हणून रामहरीनं पिशवीची चेन ओढली, आणि तंबूनं त्याच्या हातातून उडी मारली. पापणी लवायच्या आत तो हॉलमध्ये उभा होता, बरोबर पलंगाच्या जागी. मिटवताना मात्र त्यानं दीड तास घेतला आणि मिटला नाही. पिळून इंग्रजी आठासारखा करायचा, असं व्हिडिओत दाखवत होते. साहेबरावांनी एक बाजू धरली, रामहरीनं दुसरी. आठ झाला तो रामहरीचा.

"मेंढरू बरं," बानाबाई म्हणाली. "निदान वरडतं तरी."

तेवढ्यात फोन वाजला. कडुबा होता. "सायेब, टेंपो दुपारीच धरलाय! जंगलाच्या नाक्यावर. रेंज आत्ता लागली. बोला यांच्याशी."

"पुंजाराम बोलतोय, गार्ड," पलीकडून आवाज आला. "बुकिंग तिघांचं, आन तीस खुर्च्या? देग, मांडव, जनरेटर. जंगलात लगीन लावताय का?"

"नाही हो. कॅम्पिंग."

"मंग हे मचाण कशाला?"

"कुठलं मचाण?"

"चार लोखंडी पाय, फळ्या, वर बसायला गादी. शिकारीला बसनार होते व्हय?"

"अहो, तो माझ्या आईचा पलंग आहे."

पलीकडून फळ्यांवर थापटल्याचा आवाज आला.

"सायेब," पुंजाराम समजुतीच्या सुरात म्हणाला, "जंगलात पलंग कोन आनतं?"

बुकिंग रद्द झालं, सामान जप्त झालं. वरचे साहेब सुट्टीवर. "मंगळवारी या. पलंगाचे कागद घेऊन," पुंजारामनं सांगितलं. पलंग दवात भिजू नये म्हणून तो चौकीत नीट जोडून ठेवतो, असंही तो म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता, "गादी चांगलीय हो."

बातमी ऐकून वर आलेला नूरमोहम्मद शामियान्याच्या आठवणीनं कासावीस होत खाली गेला आणि आपल्या पलंगावर झोपला. सरूबाईनं जंगल बुडाल्याबद्दल भावजयीवर राग धरला आणि साहेबरावांसकट आतल्या पलंगावर झोपली. रामहरीनं आईला सगीराकडं चल म्हणून पाहिलं. पण एवढं झाल्यावर तिला कुणाच्या दारात जायचं नव्हतं.

"मग आई, तुम्ही या तंबूत झोपा ना," सुकेशनी म्हणाली. "उभाच आहे. आत फार छान वाटतं."

बानाबाई गुडघ्यांवर रांगत आत गेली. दुसऱ्या मजल्यावरची फरशी पाठीला लागली. वर जाळी होती, जाळीतून पंखा दिसत होता. सुकेशनीनं बाहेरून वाकून विचारलं, "कसं वाटतंय?"

"इंचू नाय," बानाबाई म्हणाली. "बाकी समदं तेच हाय. दिवा बंद कर."

बुकिंगचा अर्ज सुकेशनीनं बानाबाईच्या नावानं भरला होता, ज्येष्ठांना आधी जागा देतात म्हणून. त्यातल्या 'उघड्यावर मुक्कामाचा पूर्वानुभव' या रकान्यात तिनं 'नाही' असं लिहिलं होतं.