नमुन्याचे पाव

बेकरी वाढवायची, असं बेकरीवाल्यांनी एका सकाळी दाढी करता करता ठरवलं. (त्यांचे मोठे निर्णय दाढी करतानाच होत, आरशातला माणूस कधी विरोध करत नसे.) विरोध करणारं माणूस खाली भट्टीसमोर घाम पुसत होतं. भट्टी जुनी, एका कोपऱ्यात उगीचच भडकणारी. तिच्या लहरी एकट्या बायकोला ठाऊक.

"वाढवा हो खुशाल. पण आधी नवी भट्टी आणा. हात पोळून पोळून जीव नकोसा झालाय माझा."

हे मात्र त्यांच्या काळजाला लागलं. नवी भट्टी हवी तर मोठं गिऱ्हाईक हवं. तडक कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन त्यांनी मालकीणबाईंना गळ घातली. बाई म्हणाल्या, उद्या नमुने आणा. आवडले तर रोजचा पाव तुमचाच.

"नमुने मी निवडणार," बेकरीवाल्यांनी जाहीर केलं. "इतकी वर्षं तुझ्या हातचा पाव खातोय. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

"बरं, निवडा," बायको म्हणाली. वाद घालायला तिला वेळ कुठे होता?

दुसऱ्या दिवशी साहेब खोकं घेऊन ऐटीत हॉटेलात हजर. मालकीणबाईंनी झाकण उघडलं आणि एक पाव उचलून उलटसुलट करून पाहिला. आत एकेक नग होता! कुणी वाकडा, कुणी बसका, कुणी पाठीकडून काळाठिक्कर.

"हे... करपलेत हो!"

"करपलेत? अहो बाई, पावाचा रंगच असा असतो!"

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. (चांगले पाव ट्रेमध्ये जागच्या जागी बघून ती तशीच धावत सुटली होती.) खोक्यात डोकावून तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, हे आपल्या घरचे! विकता येत नाहीत म्हणून आपण खातो ते!"

"मग चांगले मी कधी..."

"कधीच नाही. चांगले गिऱ्हाइकाला जातात ना!"

आता बोला! बेकरीचा मालक, आणि स्वतःच्या बेकरीचा चांगला पाव त्यानं कधी तोंडात घातला नव्हता. उलट रोज जेवताना "वा, काय झालाय आज!" म्हणायचा. बायकोला वाटायचं, आपलं मन राखायला म्हणतात. ते मनापासून होतं हे आज कळलं, आणि भर हॉटेलात तिला हसूही आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही.

तिनं फडक्यात गुंडाळून आणलेला पाव मालकीणबाईंनी मोडून चाखला.

"उद्यापासून पाठवा. निवडायचं मात्र वहिनींकडे असू द्या."

यथावकाश नवी भट्टी आली. सगळीकडे सारखी तापणारी. एक पाव करपेल तर शपथ! पहिल्याच ट्रेमधला सगळ्यात देखणा पाव बायकोनं ताटलीत घालून नवऱ्यापुढे सरकवला आणि जवळ बसली.

"खा. आजपासून आपणही चांगलाच खायचा."

त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला. तिच्या चेहऱ्याकडे बघत कसाबसा गिळला.

"अगं, रागावू नकोस हं. पण हा जरा कच्चा राहिलाय का?"

बायकोनं पाव चिमट्यात धरला, गॅसवर चांगला काळा केला आणि परत ताटलीत ठेवला.

"वा!" बेकरीवाले तोंडभर म्हणाले. "आता जमला! बघ, पारख लागते."