अकरा वर्षांनी सुटलेला मी

"भाऊजी, माझ्या सिनेमात काम कराल?" मेव्हण्याने विचारलं आणि हातातला चहा संपायच्या आत मी "हो" म्हणून बसलो.

अकरा वर्षं तुरुंगात काढून सुटलेल्या माणसाची गोष्ट. नट परवडत नव्हते. (माझा चेहरा मुळातच शिक्षा भोगल्यासारखा दिसतो, असं त्याचं मत.)

सेट बांधणारा सुतार स्वतः नऊ वर्षं आत राहून आलेला. मी त्यालाच गाठलं. रंधा थांबवून तो म्हणाला, "सुटलेला माणूस बंद दारापुढे नुसता उभा राहतो, साहेब. आत असताना दार आपण उघडायचं नसतं. सवय जात नाही."

मी चंग बांधला. आजपासून एकही दार स्वतः उघडायचं नाही!

"बाथरूमबाहेर काय उभे? आत कोणी नाहीये!" बायको ओरडली.

"उघड ना."

"हात मोडलेत?"

ऑफिसात साहेबांच्या केबिनबाहेर चाळीस मिनिटं उभा राहिलो. शेवटी साहेबांनीच दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि घाबरून चार दिवसांची रजा दिली. (मागितली नव्हती. घेतली मात्र.)

शूटिंगला प्रसंग असा: भाऊ बहिणीच्या दाराशी येतो, पण बेल दाबायचा धीर होत नाही. बहिणीच्या कामाला माझीच बायको. मी एकोणीस वेळा केलं.

"भाऊजी, तुम्ही विजेचं बिल द्यायला आल्यासारखे दिसताय!"

"अजून एकदा," मी म्हणालो.

"असं नाही, साहेब." सुतार पुढे आला, दारापुढे उभा राहिला. हात वर गेला, थांबला, खाली आला. तळवा शर्टाला पुसला. पुन्हा वर. आत दाराच्या फटीतून पाहणाऱ्या बायकोला राहवेना. तिने दार उघडलं, "ये ना रे आत."

सुतार उंबऱ्यावरच मटकन बसला. "माझ्या बहिणीनं अजून उघडलं नाही, ताई."

कॅमेरा चालूच होता. मीच नाक पुसत म्हणालो, "हीरो हाच."

पण मी मागे हटणारा नव्हे. हट्ट धरून शेजाऱ्याचं काम मिळवलं: सुताराला पाहून धाडकन दार लावायचं. आठ दिवसांच्या सरावात घरच्या दाराची बिजागरी निखळली. ती सुतारानेच बसवून दिली.

पहिल्या खेळाला सुताराची बहीण आली, माझ्या बायकोने जाऊन बोलावलं म्हणून. सिनेमाभर त्याचा हात धरून बसली.

मग माझा प्रसंग आला. पडद्यावर दार, आणि दोन सेकंद फक्त माझा पंजा.

"ओळखलंस?" मी बायकोच्या कानात विचारलं.

"लगेच. नखं कापा म्हणून आठवडाभर कोण ओरडत होतं?"